अतिथी कोण?



श्रावणमासाच्या प्रवचनाची सांगता पोळ्याच्या दिवशी पांढुर्ण्यास झाली. दुसऱ्या दिवशी त्या गावातून निघणे सोपे नसते, हे तिकडच्या वाचकांना सांगायला नको. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात आणि एका काठाचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठाचे सावरगावकर एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. हीच ती गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. नागपूरकडे हाच दिवस तान्ह्या पोळ्याचा. तिथे लहान मुले लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा मागत हिंडतात. पांढुर्ण्यात मात्र त्या दिवशी शहाणी आई दाराला कडी लावून लेकरांना घरात ठेवते.

मी उतरलो होतो त्या भक्ताच्या घरी अशी दोन लेकरे कोंडली होती. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. मुलाला गच्चीवर जाऊन दगड पाहायचे होते. नाही म्हटले म्हणून त्याने आधी दूध सांडले, मग बहिणीच्या लाकडी बैलाचे चाक काढले. मुलीचे निराळेच चालले होते. आदल्या संध्याकाळी शेजारच्या घरी पिठोरी अमावास्येची पूजा झाली होती. त्या पूजेत आई नैवेद्य डोक्यावर धरून, मागे न पाहता विचारते, ‘अतिथी कोण?’ आणि पाठीमागचे लेकरू म्हणते, ‘मी.’ आपल्या शरणांनी व्रतवैकल्यांचा आग्रह धरला नाही, तेव्हा आपल्या घरी हे नव्हतेच. पण हिने ते पाहिले आणि तिला ते फार आवडले. भांडे वाजो की दार वाजो, ती आपली ‘मी! मी!’ करीत धावत होती.

घरधनी संत्र्याचे बागायतदार. ते स्नान करून देवघरात गेले, दार लोटून घेतले आणि अर्ध्या तासाने प्रसन्न मुखाने बाहेर आले. नंतर त्यांची पत्नी पूजेस बसली. तिने दार लोटले नाही, कारण लेकरांवर नजर ठेवायची होती. इष्टलिंग तळहाती घेऊन तिने दृष्टी स्थिर केली असेल-नसेल, तोच मुलगी ‘मी!’ म्हणत मांडीवर चढली आणि तिचा हात ओढू लागली. आईने कोपराने तिला मागे सारले. जरा जोरातच सारले. मुलगी उंबऱ्यावर पडली, कपाळाला टेंगूळ आले, आकांत सुरू झाला. आई उठली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिने पूजा पुरी केली आणि मगच मुलीला उचलले.

थोड्या वेळाने ती माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, “महाराज, मागं सौंसरच्या प्रवचनात तुम्हीच सांगितलं होतं, लिंग तळहातावर असताना काहीही झालं तरी उठू नये. म्हणून मी उठली नाही. माहं चुकलं का जी?”

वाचकहो, एकाग्रतेवर तासभर बोलेन इतके संस्कृत माझ्यापाशी आहे. त्यातले एक वाक्यही त्या वेळी जिभेवर आले नाही. ते वाक्य मी सौंसरला खरोखर बोललो होतो. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे कोण होते? माझ्यासारखाच कोणी, ज्याच्या पूजेच्या वेळी सारा मठ पाय न वाजवता चालतो.

नुलिय चंदय्यांची कथा आपण ऐकली आहे. दोर वळण्यासाठी गवत कापताना त्यांचे इष्टलिंग पाण्यात पडले. ते हातचे काम टाकून त्याच्यामागे गेले नाहीत. कथेत लिंगच त्यांच्यामागे येते आणि मडिवाळ माचय्यांना मध्यस्थी करावी लागते. ही कथा मी कितीदा सांगितली आहे! गवत कापणे हे कायक आहे म्हणून सांगितली. पडलेले लेकरू उचलणे हे कायक आहे, असे मात्र एकदाही सांगितले नाही. स्थावराहून जंगमाला शरणांनी अधिक मान दिला. जंगम म्हणजे चालते-बोलते चैतन्य. दारी जंगम आला असता आपण पूजेचे निमित्त सांगून त्याला कोपराने ढकलत नाही. आणि इथे अडीच वर्षांचा एक जीव सकाळपासून सांगत होता की अतिथी मी आहे.

म्हणून सौंसरचे ते वाक्य मी या पानावर परत घेत आहे. लेकरू पडले, चुलीपाशी गेले, भिऊन रडले, तर माउलींनो, लिंग जपून पुन्हा गळ्यात बांधा आणि उठा. राहिलेली पूजा मागाहून होते. मात्र लेकराचा हट्ट पुरवा, असा याचा अर्थ नाही. गच्चीचे दार त्या दिवशी बंदच राहिले पाहिजे होते. मुलगा दुपारपर्यंत रुसून बसला, ते बरेच झाले.

घरधन्यांशीही बोललो. आंबिया बहारासाठी ते डिसेंबरात संत्र्याचे पाणी तोडतात, पाने मलूल होऊन काही गळू लागली की जानेवारीत पुन्हा पाणी देतात. मी विचारले, ताण पुरे झाला हे कसे ओळखता? म्हणाले, “रोज सकाळी जाऊन पाहावं लागतं महाराज. दोन दिवस जास्त झाला तर फांदी वाळते.” मी म्हटले, घरात ताण कोणावर पडतो आहे, तेही रोज सकाळी पाहत जा. इष्टलिंग बसवण्णांनी स्त्रीपुरुषांना सारखेच दिले. मग तुमची पूजा अखंड आणि हिची पूजा तुकड्या-तुकड्यांची, हे कसे? तुमचे दार लोटलेले राहते, कारण त्याच्या बाहेर कोणी लेकरे धरून बसलेले असते. ते हसले. मग गप्प झाले. बायकोच्या पूजेच्या वेळी मोबाइल मुलाच्या हाती देऊन आपण पेढीवर जातो, हे त्यांनीच कबूल केले.

हे दुसऱ्याला सांगणे सोपे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरधन्यांना बागेतून निरोप आला आणि ते लगबगीने निघून गेले. तेव्हा मी त्या ताईंना म्हटले, तुम्ही देवघराचे दार लोटून बसा, लेकरे मी सांभाळतो. त्या संकोचल्या, पण बसल्या.

मुलाने माझ्या काठीचा घोडा केला. मुलीने रुद्राक्षमाळ ओढली ती सुटेना. सोडवू गेलो तर रडू लागली. भस्माची डबी जमिनीवर सांडली. मी ‘गप्प!’ म्हणून ओरडलो. स्वतःचा तो आवाज मला ओळखू आला नाही. मुलगी क्षणभर थांबली, माझ्याकडे पाहिले आणि भस्माने भरलेला हात माझ्या दाढीला पुसला. देवघरातून आवाज आला, “महाराज, येऊ का जी?” मी म्हटले, नको, तुमचे पुरे होऊ द्या. आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बारा मिनिटे झाली होती.