कच्चा लिंबू आणि वीस बाजूंचा फासा

‘नियम येत नसले तरी चालेल, तू फक्त ये. मी सांगेन सगळं.’ टेबलटॉप रोलप्लेइंग गेमला नव्या माणसाला बोलावताना आम्ही सगळेच असं म्हणतो. म्हणतो ते प्रेमानंच. पण नियम माहीत नसलेला माणूस खरंच खेळत असतो का?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ घ्या. १९७४च्या पहिल्या तीन पुस्तिकांमध्ये लढाईसाठी ‘चेनमेल’ या आधीच्या युद्धखेळाचे नियम तुमच्याकडे आहेत, असं धरलेलं होतं. २०१४च्या पाचव्या आवृत्तीचा गाभा मात्र दोन मिनिटांत कळतो. काय करायचंय ते सांगा, वीस बाजूंचा फासा टाका, त्यात पात्राचा आकडा मिळवा. बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली, की जमलं. नवखा माणूस अडतो तो पुढच्या बारकाव्यांत.

समजा, एका नव्या मुलीला पाचव्या पातळीची जादूगार दिली. शत्रू दिसताच ती म्हणते, ‘फायरबॉल!’ या जादूत २० फूट त्रिज्येतले सगळेच भाजतात, मित्रसुद्धा. तिला हे माहीत नाही. मग मित्रांना जाळायचा निर्णय तिचा होता का? माझ्या मते नाही. परिणामाचा अंदाजच नसेल तर त्याला निवड कसं म्हणायचं?

अशा वेळी काहीजण म्हणतात, नियम म्हणजे नियम. काहीजण म्हणतात, राहू दे, नवीन आहे. हे दुसरं उत्तर दयाळू वाटतं, पण ते तिला कच्चा लिंबू करतं. गल्लीतल्या खेळात कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर धावतो, त्याला आउट कोणी करत नाही. थोड्या वेळानं त्याला कळतं, की आपण मोजलेच जात नाही आहोत.

मला तिसरा मार्ग पटतो. फासा पडायच्या आधी गेम मास्टरनं एवढंच सांगावं: ‘तुझे दोन साथीदारही त्या टप्प्यात येतायत. त्यांनाही लागेल. टाकायचा?’ ‘टाकू नकोस’ म्हणायचं नाही. डिलीट दाबल्यावर ॲप आधी काय काय जाणार ते दाखवतं, तेव्हा युजरला आपला अपमान झाला असं वाटत नाही. परिणाम सांगणं वेगळं, निर्णय घेऊन टाकणं वेगळं. आता तिनं फायरबॉल टाकला, तर तो तिचा.

‘हरूनच शिकतात’ असं जुने खेळाडू म्हणतात. खरं आहे, पण कुठल्या नियमामुळे हरलो ते कळलं तरच. शिवाय नियम एकालाच माहीत असले, तर तो ते सोयीनं वळवू शकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून खेळ सोपा आहे की नाही, हे मी पुस्तकाच्या जाडीवरून ठरवत नाही. नवा माणूस पहिल्यांदा ‘थांबा, असं कसं?’ म्हणतो, त्याला किती वेळ लागला ते बघतो. तोपर्यंत तो आमच्या भरवशावर बसलेला असतो. तिथून पुढे तो खेळतो.