हाड, वीज आणि चुंबक

चुंबकाने हाड जुळतं असं बेळगावच्या खासबागेत कुणी म्हणालं, की मला दोन माणसं आठवतात. एक बाजारात चुंबकी कडी विकणारा, दुसरा मोडलेल्या नडगीवर कॉइल बांधायला सांगणारा डॉक्टर. पहिल्याचं ऐकू नये. दुसऱ्याचं ऐकावं, पण तीन प्रश्न विचारून.

मुळात या कल्पनेची सुरुवात चुंबकापासून झालीच नाही, भारापासून झाली. जर्मन शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली घडण बदलते. तालमीतल्या वस्तादाला हे वेगळं सांगायला नको. पण भार कुठे पडतोय हे पेशीला कळतं कसं?

1957 मध्ये जपानच्या फुकादा आणि यासुदा यांनी दाखवून दिलं, की वाळलेल्या हाडावर दाब दिला की त्यात वीज उपजते. सशाच्या हाडात बारीक प्रवाह सोडला की नवं हाड धरतं, हे यासुदांनी त्याआधीच पाहिलं होतं. भारातून वीज, विजेतून हाड. कोडं सुटल्यासारखं वाटलं. जिवंत, ओल्या हाडात ही वीज मुख्यतः बारीक नलिकांतून ढकलल्या जाणाऱ्या खारट द्रवामुळे येते, हे पुढे कळलं. तोवर उपचाराची घाई सुरू झाली होती.

न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बॅसेट यांनी हाडात तार न घालता बाहेरून तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल लावली. खासबाग-वडगावातल्या यंत्रमागाची मोटर फिरते त्याच फॅरेडेच्या नियमावर ती चालते: चुंबकीय क्षेत्र सतत बदलत राहिलं तरच वीज उपजते. कड्यातल्या चुंबकाचं क्षेत्र बदलत नाही, म्हणून ते वर्षभर घातलं तरी हाडाला काही मिळत नाही. 1979 मध्ये अमेरिकेत न जुळणाऱ्या हाडांसाठी कॉइलला मान्यता मिळाली.

खरी गंमत पुढे आहे. 1984 मध्ये ब्रिटनमधल्या एका चमूने नडगी न जुळलेल्या 16 जणांना कॉइलची यंत्रं दिली. काही चालू, काही नुसती दिखाऊ. चालू यंत्राच्या 9 पैकी 5 जणांचं हाड जुळलं, दिखाऊ यंत्राच्या 7 पैकी 5 जणांचं! प्लास्टर आणि विश्रांतीचं श्रेय यंत्राने लाटलं होतं की काय? पण त्याच चमूतल्या शॅरर्ड यांनी 1990 मध्ये उशिरा जुळणाऱ्या नडगीच्या 45 रुग्णांवर चाचणी केली, तेव्हा पारडं चालू यंत्राकडे झुकलं. प्रयोगशाळेत हाड घडवणाऱ्या पेशी अशा क्षेत्रात जास्त कामाला लागतात, हे अनेकदा दिसलंय. पण बशीतली पेशी म्हणजे माणसाचा पाय नव्हे. 2016 मध्ये 15 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा विजेच्या उपचाराने हाड न जुळण्याचा धोका एक्स-रेवर सुमारे 35 टक्क्यांनी कमी दिसला. चालण्या-फिरण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही.

म्हणून माझं मत असं: कॉइल थोतांड नाही, पण तिचा मान जोडीदाराचा, मालकाचा नव्हे. डॉक्टरांना विचारा, आपलं हाड नेमकं का अडलंय, पायावर भार कधी टाकायचा, यंत्र रोज किती तास लावायचं. आणि निपाणीच्या तंबाखूपट्ट्यातल्या वाचकांनो, आधी विडी सोडा. धूम्रपानाने हाड उशिरा जुळतं, याबद्दल डॉक्टरांत वाद नाही. आणि विडी सोडायला पैसे पडत नाहीत.