मीठ कुणाचे?

कुणी गाव सोडले, पक्ष सोडला, संस्था सोडली की आपल्याकडे पहिला प्रश्न विचारला जातो : खाल्ल्या मिठाला जागला का? प्रश्न जुना आहे आणि चांगलाही आहे. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो बहुधा कुणी विचारत नाही. मीठ दिले होते कुणी?

हा दुसरा प्रश्न माझ्या मनात पक्का बसला तो एका परक्या खेळाची हकीकत वाचताना. रग्बी हा काही आपल्या गल्लीतला खेळ नव्हे. मुंबईत आझाद मैदानाच्या कडेला जिमखान्यावर तो खेळला जातो, तेवढीच आपली ओळख. अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचे, अडवणाऱ्याने अंगावर झेप घेऊन पाडायचे, असा तो धसमुसळा खेळ. पण वेल्समध्ये, विशेषतः दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खाणींच्या भागात, रग्बी म्हणजे केवळ खेळ नाही. ती त्या लोकांची ओळख आहे. त्यातही दहा नंबरचा खेळाडू हा त्यांच्या डोळ्यांतला तारा. चेंडू त्याच्या हातात आला की पुढे काय करायचे हे तो ठरवतो. पास द्यायचा, लाथेने लांब धाडायचा, की फट शोधून स्वतःच घुसायचे. संघाचा मेंदू म्हणजे हा दहा नंबर.

1988 च्या अखेरीस असा दहा नंबर होता जोनाथन डेव्हिस. ट्रिमसारन नावाच्या खाणकामगारांच्या खेड्यात वाढलेला. चणीने लहान, पण पायात वीज. 1988 च्या सुरुवातीला वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवले, त्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या दौऱ्यात मात्र वेल्सची धूळधाण झाली. एक सामना 52-3 असा, दुसरा 54-9 असा गेला. डिसेंबरमध्ये तो कर्णधार असताना कार्डिफला रुमानियाकडूनही पराभव झाला. आणि 1989 च्या जानेवारीत बातमी आली : डेव्हिस निघाला. उत्तर इंग्लंडमधल्या विड्नस या रासायनिक कारखान्यांच्या गावातल्या क्लबने त्याला घेतले होते. रक्कम सुमारे 2 लाख 30 हजार पौंड सांगितली गेली.

वाचकाला वाटेल, एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेला, त्यात एवढे काय? पण तो क्लब बदलत नव्हता. तो युनियन सोडून लीगमध्ये जात होता, आणि या दोन शब्दांच्या मध्ये जवळजवळ शंभर वर्षांचे वैर होते.

ते वैर सुरू झाले एका अगदी साध्या गोष्टीवरून. आपल्याकडे गिरणीत, यंत्रमागावर, रोजंदारीवर काम करणाऱ्या घरांना ‘खाडा’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कामावर गेला नाहीत, त्या दिवसाची मजुरी गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशायर-लँकेशायरमधले अनेक रग्बी खेळाडू खाणीत आणि कापड गिरण्यांत राबणारे होते. सामन्यासाठी जायचे तर खाडा पडे. त्यांच्या क्लबांचे म्हणणे एवढेच, की खेळामुळे बुडालेला रोज आम्हाला भरून देऊ द्या. खेळायचा पगार कुणी मागत नव्हते. 1893 मध्ये लंडनला भरलेल्या सभेत युनियनने ही मागणी फेटाळली. ज्यांच्या घरी जमीनजुमला किंवा वकिली-डॉक्टरी होती, त्यांना ‘हौशी खेळ’ हे तत्त्व पाळणे सोपे होते. ज्याला खाडा परवडत नाही त्याने खेळू नये, हाच त्या नकाराचा अर्थ. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे वीसेक क्लब जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तीच पुढे रग्बी लीग झाली. तिने नियमही बदलले, पंधराऐवजी तेरा खेळाडू केले.

युनियनने मग जो बहिष्कार घातला तो आपल्या जातपंचायतींना शोभेल असा. लीगमध्ये गेलेल्याला युनियनचे दार जन्मभर बंद. पैसे न घेता लीग खेळला तरी बंद. त्याने मुलांना शिकवायचे नाही, क्लबात कसलेही पद घ्यायचे नाही. आत्मचरित्र लिहून त्याचे मानधन खिशात घातले, तरीही माणूस बाटला.

नियम सर्वांना सारखा असता तर एक वेळ समजून घेतले असते. पण 1897 मध्ये वेल्सचा लाडका कर्णधार आर्थर गोल्ड याला लोकवर्गणीतून चक्क घर भेट देण्यात आले. इतर देशांच्या संघटनांनी आक्षेप घेतला तेव्हा वेल्स रुसून बाहेर पडले, पुढे तडजोड झाली. म्हणजे आपल्या माणसाला घर चालते, मजुराला बुडालेला रोज चालत नाही! दुसऱ्या महायुद्धातही असेच झाले. सैन्यात युनियन आणि लीगचे खेळाडू खांद्याला खांदा लावून उभे होते, तेव्हा बंदी बाजूला ठेवली गेली. 1943 मध्ये लीड्सला आणि 1944 मध्ये ब्रॅडफर्डला दोन्हीकडच्या सैनिकांचे सामने युनियनच्या नियमांनी झाले. दोन्ही सामने लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपले आणि ते पुन्हा अस्पृश्य ठरले. मरायला एकत्र, खेळायला वेगळे.

एवढी पार्श्वभूमी कळली की 1989 च्या त्या जानेवारीतला डेव्हिस समजतो. तो जात होता तो परतीचे तिकीट फाडून. वेल्सची लाल जर्सी पुन्हा अंगावर चढणार नाही, हे जवळपास नक्की होते. न्यूझीलंडमधल्या पराभवानंतर आपल्या रग्बीत काय चुकते आहे हे संघटनेच्या वार्षिक सभेपुढे मांडू द्या, असे त्याने म्हटले होते. त्याला ती संधी मिळाली नाही. मैदानात कर्णधार म्हणून हार त्याच्या माथी, आणि सभागृहात त्याला आवाज नाही. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला बायको, नुकतेच झालेले मूल आणि गुडघा एकदा मोडला की संपणारे आयुष्य. त्याने निवड केली.

त्याला गद्दार म्हणणाऱ्यांचे सगळेच खोटे होते असे मला वाटत नाही, आणि या लेखात त्यांना हसण्यावारी न्यावे असेही नाही. त्यांचा पहिला मुद्दा असा, की जगात काही गोष्टी पैशाच्या बाहेर राहिल्या पाहिजेत. शनिवारी दुपारी खाणकामगार, मास्तर आणि डॉक्टर एकाच संघातून निव्वळ प्रेमापोटी उतरत होते, हे सुंदरच होते. त्याला किंमत लावली की काहीतरी मरते, ही भीती खोटी नाही. दुसरा मुद्दा अधिक बोचरा आहे. डेव्हिस गेला आणि त्याच्यामागे दारच उघडले. पॉल मोरियार्टी, जॉन डेव्हरो, डेव्हिड यंग, ॲलन बेटमन असे एकामागून एक गेले. 1991 च्या विश्वचषकात वेल्स आपल्याच घरच्या मैदानावर पश्चिम सामोआकडून 16-13 असा हरला. मागे राहिलेल्यांनी ते अपमान सोसले. जाणाऱ्याच्या निर्णयाची किंमत न जाणाऱ्यालाही मोजावी लागते. हे कबूल केल्याशिवाय निष्ठेवर बोलण्यात अर्थ नाही.

पण मग पुन्हा मिठाकडे यावे लागते. युनियनच्या पदाधिकाऱ्यांनी डेव्हिसला काय दिले होते? त्याच्या खेळावर हजारो तिकिटे विकली गेली, पण त्याच्या हाती त्यातले काही येणे हा गुन्हा होता. मीठ वाढायचे नाही आणि मिठाला जागण्याची अपेक्षा मात्र ठेवायची, हा कुठला न्याय? निष्ठा हे नाते आहे. एका बाजूने सगळे द्यायचे आणि दुसऱ्या बाजूने फक्त घ्यायचे, त्याला निष्ठा म्हणत नाहीत. त्याला वेठ म्हणतात. आणि वेठ मोडणारा गद्दार नसतो.

मात्र डेव्हिसने कुणाचेच मीठ खाल्ले नव्हते, असेही नाही. ट्रिमसारनच्या मैदानावर ज्यांनी त्याला चेंडू धरायला शिकवले, पावसात उभे राहून ज्यांनी त्याच्या नावाचा गजर केला, त्यांचे ऋण त्याच्यावर होतेच. पण हे ऋण युनियनच्या तिजोरीत जमा करायचे नव्हते. माझ्या मते नेमकी गल्लत इथेच होते. आपण माणसांचे देणे लागतो आणि संस्था ते वसूल करायला येते. लोकांच्या प्रेमाचा दाखला पुढे करून पदाधिकारी आपली सत्ता मागतात. समाजाच्या नावाने, भाषेच्या नावाने, कौमच्या नावाने हीच वसुली आपण आपल्या अंगणातही पाहिली आहे.

आणि ज्यांच्या ताटात मीठच काय, ज्यांना पंगतीतच घेतले नाही, त्यांचे काय? कार्डिफच्या गोदीजवळच्या टायगर बे वस्तीतला बिली बोस्टन हा असाच. वडील सिएरा लिओनचे, कातडी काळी. 1953 मध्ये तो विगनला लीग खेळायला गेला आणि त्या क्लबासाठी त्याने 478 ट्राय केले. वेल्सच्या युनियन संघात कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला 1980 नंतरचे दशक उजाडावे लागले. मग बोस्टन ‘सोडून गेला’ असे म्हणायचे, की त्याला आत कधी घेतलेच नव्हते असे? त्याच वस्त्यांच्या शहरातला क्लाइव्ह सलिव्हन लीगमध्ये ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला आणि 1972 चा विश्वचषक घेऊन आला. ज्या घराने दार उघडले, त्या घराशी तो इमान राखून राहिला.

याचा अर्थ प्रत्येक जाणे योग्यच, असा कुणी काढू नये. उलट दिशेचे एक उदाहरण देतो. न्यूझीलंडचा सनी बिल विल्यम्स हा लीगचा मोठा खेळाडू. 2008 मध्ये सिडनीच्या आपल्या क्लबाशी केलेल्या पाच वर्षांच्या कराराची चार वर्षे बाकी असताना, ऐन हंगामात, सोबत्यांनाही न सांगता तो फ्रान्सला युनियन खेळायला निघून गेला. प्रकरण कोर्टात गेले, मोठी रक्कम देऊन मिटले. पुढे तो मुसलमान झाला, युनियनमध्ये दोन विश्वचषक जिंकला, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांना तो जवळचा वाटतो. मलाही वाटतो. पण जवळचा आहे म्हणून तराजू बदलता येत नाही. त्याने मीठ खाल्ले होते आणि शब्दही दिला होता. वायदा तो वायदा. डेव्हिसने जे मोडले तो एक बहिष्काराचा नियम होता. विल्यम्सने मोडला तो स्वतःचा शब्द. बाहेरून दोघांचे जाणे सारखे दिसते. आतून त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

1995 च्या ऑगस्टमध्ये, जॉर्ज हॉटेलातल्या त्या बैठकीला शंभर वर्षे होत असताना, युनियनने पॅरिसमध्ये जाहीर केले की आता खेळाडूंना पैसे देता येतील. शंभर वर्षे जे पाप होते ते एका बैठकीत व्यवहार झाले. त्याच वर्षी डेव्हिस कार्डिफला परतला आणि पुढे वेल्सची जर्सीही त्याने पुन्हा घातली. ज्यांची दारे शंभर वर्षे बंद ठेवली, त्यांची माफी त्या बैठकीत कुणी मागितली असे मी कुठे वाचले नाही.

बोस्टनला मात्र परतीची अशी संधी मिळाली नाही. तो विगनचाच होऊन राहिला. 2023 मध्ये कार्डिफच्या त्याच गोदीजवळ त्याचा, सलिव्हनचा आणि गस रिस्मनचा पुतळा उभा राहिला. 2025 मध्ये त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. तोवर वयाची नव्वदी उलटली होती. त्याला गाव सोडून सत्तर वर्षे झाल्यावर गावाला आठवण झाली, की हा आपला होता. गावाने त्याच्याशी इमान राखले होते का, हा प्रश्न त्या पुतळ्यासमोर उभे राहून कुणीतरी विचारायला हवा.