आधी काय? काम, घर की तब्येत?

रामदासपेठेत सेंट्रल बाजार रोडनं संध्याकाळी चालत निघालात तर डॉक्टरांच्या पाट्या मोजता येत नाहीत. इथून शेजारच्या धंतोलीपर्यंत दवाखानेच दवाखाने. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ, पार छत्तीसगडहून पेशंट येतात. बरेचसे चाळिशी-पन्नाशीतले. आणि एका पेशंटमागे दोन-तीन माणसं. बायको फाइल सांभाळते, मुलगा पैसे भरायला काउंटरवर उभा, भाऊ सुट्टी टाकून आलेला. ‘माझी तब्येत, माझं मी बघीन’ असं आपण सहज म्हणतो. इथं दिसतं की ते कधीच एकट्याचं नसतं.

प्राधान्यक्रम विचारला तर कुणीही सांगेल, आधी तब्येत, मग घर, मग काम. दिवसाचा हिशेब मांडला की क्रम उलटा निघतो. कारण साधं आहे. कामाला तारीख असते, वर साहेब असतो. घरचे रुसतात, पण समजून घेतात. शरीर तर वर्षानुवर्षं बोलतच नाही. रक्तदाब आणि साखर काहीही जाणवू न देता वाढत राहू शकतात. जो जास्त तगादा लावतो त्याचं आधी होतं. आपण निवड केलेलीच नसते, फक्त तगादे मिटवलेले असतात.

हे अज्ञानामुळे होतं असं म्हणावं, तर डॉ. अभय बंग यांचं उदाहरण समोर येतं. वर्ध्यात वाढलेले, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, गडचिरोलीत ‘सर्च’ उभारणारे. स्वतः डॉक्टर, काम आदिवासी भागातल्या आरोग्याचं, आणि 44 व्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिलं आणि स्वतःच्या जगण्याचीच तपासणी केली. आहार, व्यायाम, ताण, मन, सगळ्याची. माहिती असणं आणि तसं जगणं यात किती अंतर असतं, हे डॉक्टरनंच सांगितल्यामुळे ते पुस्तक घराघरांत वाचलं गेलं.

पण इथं एक अवघड प्रश्न आहे. त्याच काळात गडचिरोलीच्या गावांमध्ये त्यांचा नवजात बाळांवरचा प्रयोग चालू होता. गावातल्याच बायकांना शिकवून बाळांची घरीच काळजी घ्यायची. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं होतं. असं काम ‘आधी माझी तब्येत’ म्हणणाऱ्याच्या हातून होईल का? काही कामं माणसाकडून जास्त मागतात, आणि ती देणाऱ्यांमुळेच जग थोडं बरं होतं. म्हणून ‘कामासाठी झिजू नका’ हा सरसकट उपदेश मला पटत नाही. मात्र ते काम एका वर्षाचं नव्हतं, पुढेही कित्येक वर्षं चाललं. काम जितकं मोठं, तितकं ते करणारं शरीर जास्त दिवस लागतं.

आपल्यातले बहुतेक जण मात्र बाळं वाचवत नसतात. महिनाअखेरचं टार्गेट गाठत असतात, आणि सांगतात, ‘घरच्यांसाठीच तर करतोय.’ हे खोटं नाही. ईएमआय खरा असतो, फी खरी असते. बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला ‘झोप महत्त्वाची’ असं सांगणं तर निव्वळ उद्धटपणा आहे. त्याच्या हातात फारशी निवडच नाही. पण ज्यांच्या हातात थोडी आहे, त्यांनी तरी एक गोष्ट तपासावी. घरच्यांसाठी म्हणून जे द्यायचं ठरवलं, ते घरच्यांना विचारून ठरवलं का?

मला नैतिक प्रश्न इथे दिसतो. स्वतःचं शरीर झिजवण्याचा हक्क माणसाला असेलही. पण त्याची किंमत बायको, आई, मुलं मोजणार असतील, तर तो त्याग एकट्यानं ठरवायचा नसतो. विचारलं तर कदाचित उत्तर येईल, ‘मोठा फ्लॅट नको, रात्री आठला घरी ये.’ कदाचित येईल, ‘दोन वर्षं काढू या, मग बघू.’ दोन्ही उत्तरं चालतील, कारण ती सगळ्यांनी मिळून दिलेली असतील.

तुम्ही आत्ता पंचविशीत असाल, तर चाळिशी लांब वाटेल. पण भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सरासरी लवकर गाठतो, आणि सवयी तर याच वयात लागतात. आज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवून घरी एवढंच विचारा, माझ्या कामातून तुम्हाला नक्की काय हवंय?