'आदिम' कोणाला म्हणावे?

लॅम्प्रे हा वाम माशासारखा लांबट मासा. त्याला जबडा नसतो. समुद्री लॅम्प्रे गोल, दातेरी तोंडाने दुसऱ्या माशाला चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. त्याची आणि जबड्याच्या प्राण्यांची वाट सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. म्हणून आपण त्याला 'आदिम' म्हणतो.

आपल्या रक्तातील लसीकापेशी रोगजंतू ओळखतात आणि त्याची आठवण ठेवतात. त्यांतल्या बी पेशी प्रतिपिंडे बनवतात. टी पेशी थायमस ग्रंथीत तयार होतात. लॅम्प्रेचे रक्तही परके ओळखते, हे शास्त्रज्ञांना दिसत होते. पण आपल्यासारखी प्रतिपिंडे त्याच्यात काही केल्या सापडेनात. २००४ साली अमेरिकेत मॅक्स कूपर, झीव्ह पॅन्सर आणि सहकाऱ्यांनी उलगडा केला. लॅम्प्रे अगदी वेगळ्या घडणीची प्रथिने वापरतो. जनुकांचे लहान तुकडे नाना तऱ्हांनी जोडून त्यांचे असंख्य नमुने तयार करतो. पुढे २००९ मध्ये त्याच्यातही बी आणि टी पेशींसारखे दोन प्रकार आढळले. २०११ मध्ये कल्ल्यांच्या टोकांशी थायमससारखी जागा सापडली. म्हणजे पेशींची ही विभागणी दोघांच्या समाईक पूर्वजातच झाली असावी. ओळखण्याचे साधन मात्र दोघांनी आपापले घडवले.

मग आदिम कोण? आपल्याइतकीच वर्षे लॅम्प्रेच्या वंशानेही काढली आहेत. त्याच्यात आपली वस्तू शोधली, तोवर तो रिकामा वाटला.

निसर्गातून नीतीचे नियम थेट काढू नयेत. तसे काढणाऱ्यांनी बलवानांचा जुलूमही न्याय्य ठरवला आहे. पण शोधणाऱ्याच्या नजरेपासून धडा घेता येतो. 'मागासलेला समाज' हा शिक्का आपण सोसतो. तोच शिक्का आपणही मारतो. घरात मराठी बोलणाऱ्याला उर्दू येत नाही, म्हणून त्याचा दीन कच्चा ठरवतो. दर्ग्यावर जाणाऱ्या नानीला जाहिल म्हणतो. तिचा सब्र, तिची खैरात आपल्या मोजपट्टीवर उमटतच नाही.

मात्र प्रत्येक उणिवेला वेगळेपणाचे नाव देऊन चालणार नाही. लॅम्प्रेची पद्धत वेगळी आहे, पण त्याची गरज भागते. आपल्या मोहल्ल्यातील मुलीची शाळा सातवीत सुटते, तेव्हा तिची गरज भागत नाही. ती उणीवच आहे, आणि ती आपण भरून काढली पाहिजे.

सृष्टीकडे पाहा आणि विचार करा, असे कुरआन वारंवार सांगतो. त्या पाहण्यात एक प्रश्न आपण सोबत ठेवावा: याच्याकडे काही नाही, की आपल्याजवळचे नाही?