अंतर आणि हेलपाटे

'मेट्रो आली आणि चारकोप जवळ आलं,' हे वाक्य २०२२ पासून सतत कानावर पडतं. कशाच्या जवळ, हे मात्र कुणी विचारत नाही. लांबचं ठिकाण लवकर गाठता येणं वेगळं आणि तिथे जाण्याची गरजच न उरणं वेगळं. मुंबईच्या कांदिवलीतलं चारकोप वसलं ते या दुसऱ्या विचारानं. १९८५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडानं इथे बांधलेली घरं न देता रस्ते, पाणी आणि मलवाहिन्यांची सोय असलेले छोटे भूखंड दिले. साधारण पस्तीस भूखंडांची एक सोसायटी, मध्ये मोकळं अंगण आणि शाळा-बाजारासाठी राखलेल्या जागा. लोकांनी ऐपतीप्रमाणे मजले चढवले आणि रस्त्याकडेच्या तळमजल्यांवर किराणा, दवाखाना, शिलाईकाम, झेरॉक्स सुरू झालं. वाणसामानासाठी, औषधासाठी इथे सेक्टर ओलांडावा लागत नाही. नियोजनानं जागा ठेवली, बाकीचं माणसांनी भरलं.

मग सरकारी कामंही अशीच जवळ आणावीत, प्रत्येक सेक्टरात एक खिडकी उघडावी, हे ओघानंच सुचतं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: खिडक्या कशाला, सगळं मोबाइलवर आहे की! हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागे. २०१४ मध्ये बोटाच्या ठशासारख्या खुणांवरून हयाती पटवणारं 'जीवन प्रमाण' आलं आणि आता पोस्टमन घरी येऊनही ते काम करून देतो. पण याच सोयीतली अडचण पाहा. आयुष्यभर भांडी घासलेल्या, विटा उचललेल्या हाताच्या रेषा झिजतात आणि यंत्र कधी कधी अंगठा घेत नाही. माणूस समोर जिवंत बसलेला असतो, तरी पडद्यावर तो सिद्ध होत नाही. अशा वेळी निर्णय घेणारा माणूसच लागतो.

उत्पन्नाच्या दाखल्याकडे पाहिलं, की माझा खिडकीचा आग्रहही डळमळतो. अर्ज 'आपले सरकार' या सरकारी संकेतस्थळावर भरता येतो. पण एक कागद कमी म्हणून तो परत येतो, तो जोडला की दुसरी त्रुटी निघते. दर वेळी सेवा केंद्रात जायचं, दर वेळी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवायची. खिडकी दोन पावलांवर असली, तरी तीनदा जाणं तीनदाच असतं. गरिबाला अंतरापेक्षा हेलपाटे महाग पडतात. हा दाखला देणारं बोरिवलीचं तहसील कार्यालय एकदाच गाठून काम होणार असेल, तर तो ते आनंदानं गाठेल.

२०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानं कामाला मुदत दिली, नकाराची कारणं लेखी मिळण्याचा आणि अपिलाचा हक्क दिला. पण या कायद्यात दिवस मोजले जातात, फेऱ्या नाहीत. 'तपासणीला वेळ लागतो, घाई केली तर खोटे दाखले निघतील,' ही हरकत रास्त आहे. मात्र तपासणी कार्यालयानं करायची असते, तिच्यासाठी अर्जदाराला फिरवण्याचं कारण नाही. सगळ्या त्रुटी एकदाच, लेखी सांगितल्या जाव्यात आणि सरकारनं स्वतःच दिलेला कागद सरकारनंच शोधावा. प्रत्येक कार्यालयानं दाखल्यामागे लोकांना किती फेऱ्या पडल्या, हे दरवर्षी जाहीर करावं. सोय झाली की नाही, ते त्या आकड्यावरूनच कळेल.