हिरड्याचं गणित आणि आळ्याचा रेडा

माझं माहेर आळ्याचं. ज्याच्या तोंडून ज्ञानदेवांनी पैठणात वेद वदवले म्हणतात, त्या रेड्याची समाधी आमच्या गावात आहे. आजी सांगायची, "माणसं अडून बसली, मग जनावराला बोलावं लागलं." रेडा बोलला का, या वादात मी पडत नाही. विद्या कुणी कुणाच्या कानावर पडू द्यायची, हा त्या गोष्टीतला तंटा मात्र खरा. तो माझ्या दारात आला हिरड्याच्या निमित्ताने.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माझी जिल्हा परिषदेची शाळा. मुलं बहुतेक महादेव कोळी. गणितात एक उदाहरण होतं, दुकानातल्या खेळण्यांच्या भावाचं. मी तिथे बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कोवळं फळ, घातला: दहा किलो ओला गोळा केला, वाळून सात उरला, तर व्यापाऱ्याच्या भावाने किती पैसे मिळाले? चौथीतली एक पोरगी म्हणाली, "बाई, वाळल्यावर एवढा उरतच नाय." तिचंच बरोबर. आकडा सुधारला, पान टाईप केलं, शेजारच्या वाड्यांतल्या गुरुजींना धाडलं. एकाने विचारलं, "बाई, परवानगी काढली का?"

पुस्तक उघडलं. बालभारती, म्हणजे आमचं पाठ्यपुस्तक मंडळ, 1967 पासूनची. आमच्या पोरांना तिची पुस्तकं फुकट मिळतात, पीडीएफही उतरवून घेता येते. पण आतल्या पानावर छापलेलं असतं: संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. इतकी वर्षं ते पान मी उलटून पुढे जात होते. फुकट वेगळं आणि मोकळं वेगळं, हे निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना कळलं.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या एका यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे. दानाला तिथला शब्द 'देयधम', देयधर्म. दिलं की हात सोडायचा. वाटलं, विद्यादानही असंच हवं. पण टाक्याचं पाणी उपसलं की कमी होतं. विद्या वाटून कमी होत नाही, नासू मात्र शकते. मोबाइलवर फिरणारा शिवनेरीचा इतिहास वाचला की मंडळाची धास्ती मला पटते. उद्या कुणी भलतंच घुसडून तेच मुखपृष्ठ लावलं तर?

इथे एकनाथ आडवे येतात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि बजावलं की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवल्यासारखी. माझा हिरडा नरोटीच का? दोन रात्री हे डोक्यात होतं. मग उलट बाजू दिसली. तीनशे वर्षांत लेखकूंनी पोथ्या उतरवल्या, चुका केल्या, हे खरं. पण त्यांना उतरवूच दिलं नसतं तर नाथांच्या हाती शुद्ध करायला प्रत तरी कुठून आली असती? आणि आपण हात लावला हे नाथांनी लपवलं नाही. शक घातला, केलेलं काम सांगितलं. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने याहून वेगळं काय मागतात? मूळ कुणाचं ते सांगा, बदल केला असेल तर तेही सांगा. काही परवान्यांत आणखी एक अट: तुम्हाला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही द्या. 2017 साली सुरू झालेल्या सरकारी 'दीक्षा' या शैक्षणिक व्यासपीठावर असे परवाने चालतात. मग ते पाठ्यपुस्तकाच्या आतल्या पानावर का नसावेत?

हिरड्याच्या पानाखाली मी लिहिलं: मूळ उदाहरण पाठ्यपुस्तकातलं, बदल माझा, वाळल्याचा आकडा चौथीतल्या मुलीचा. परवानगीचा अर्जही लिहायला घेतलाय. 'मा. संचालक' इथपर्यंत ठीक जमला. 'विषय'पुढे काय लिहावं, यावर गाडी अडली आहे.